पाथरकोंडची बंद दारं

“ही खिडकी बंद करू नकोस, शाल्मली. गॅसचा गीझर आत आहे,” तौसीफ म्हणाला होता.

मी तेव्हा बाथरूममध्ये स्टुलावर उभी होते. एका हातात खाकी चिकटपट्टी, दुसऱ्या हातात कात्री, आणि खिडकीच्या काचपट्ट्यांवर धरलेला भलामोठा पुठ्ठा खाली येऊ नये म्हणून त्याला टेकवलेलं कपाळ. अशा अवस्थेतल्या बाईला शहाणपण शिकवू नये. मी त्याला विचारलं, डिसेंबरात नाशिकला तान्ह्या बाळाला कधी अंघोळ घातली आहेस का? नाही म्हणाला. “मग पट्टी कापून दे,” मी म्हटलं. त्यानं दातानं पट्टी तोडून दिली, मी ती चारी बाजूंनी ठासून बसवली, आणि आम्ही चहा प्यायला गेलो.

तौसीफ माझा कॉलेजपासूनचा मित्र, बांधकामातला इंजिनिअर. इमारती दिसल्या की त्याच्या तोंडून सूचना आपोआप निघतात. आमच्या जिन्याच्या कठड्याबद्दलही तो असंच काहीतरी म्हणाला होता. ते जसं सोडून दिलं, तसं हेही.

पुठ्ठा मात्र साधा नव्हता. तो एका बुडालेल्या राज्याचा नकाशा होता.

आमचा एक खेळ आहे. चार जणांचा, रविवारचा. एक जण जग रचतो, त्यातले डोंगर, गावं, राजे, भुतंखेतं, बाजारभाव, सगळं. बाकीचे त्या जगातलं एकेक माणूस होतात आणि बोलत, भांडत, फासे टाकत तिथं राहतात. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, गोष्ट तेवढी पुढं जाते. माझा नवरा हर्षद याला मोठ्यांची भातुकली म्हणायचा आणि दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसायचा. जग रचायचं काम माझ्याकडे. आमच्यात त्याला सूत्रधार म्हणतात. मी ज्युनिअर कॉलेजात भूगोल शिकवते, त्यामुळे माझ्या जगात नदी उताराकडेच वाहते आणि डोंगर कुठंही उगवत नाहीत. याचा मला अभिमान होता, अजूनही आहे.

आधीचं राज्य संपल्यावर त्याचा पुठ्ठ्यावर काढलेला नकाशा माळ्यावर पडून होता. मनवा झाली, थंडी आली, आणि तो बाथरूमच्या खिडकीच्या कामी आला. अंघोळ करताना समोर आपलंच बुडालेलं राज्य दिसायचं.

मनवा तेव्हा नुकती मान धरायला लागली होती. त्या दिवसांत मी झोपायचे तीसुद्धा एक कान उघडा ठेवून. दुधाचं तापमान, लंगोटाची शिवण, पाळण्याची दोरी, सगळं मी दोनदा बघायचे. आणि सगळ्यांत जास्त भीती वाऱ्याची. बाळंतपणापासून जी येईल ती बाई एकच सांगून जायची: वारा लागू देऊ नकोस. माझी आई फोनवर तेच, शेजारच्या काकू तेच, मालिशवाली तेच. वारा म्हणजे काय हे मी वर्गात फळ्यावर बाण काढून शिकवते, पण मनवाच्या कानात कापूस, डोक्याला टोपडं, टोपड्यावर रुमाल, आणि अंघोळीच्या वेळी बाथरूमच्या दाराखाली पायपुसणं दुमडून. एक झुळूक आत येईल तर शपथ.

त्या रविवारी थंडी कडक होती. तौसीफ येताना मिसळ घेऊन आला, तर्री वेगळ्या पिशवीत. माझी नणंद स्वरूपा, वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती, केस धुऊन डोक्याला टॉवेल गुंडाळून बसली होती. डोकं दुखतंय म्हणाली. ओल्या केसांनी बसलीस तर दुखणारच, असं मी तिला सुनावलं. तिच्याआधी हर्षद अंघोळ करून आला होता आणि जांभया देत होता. रविवार म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या अंघोळी एकामागून एक. इतर दिवशी जो तो आपापल्या वेळेला उरकतो, रविवारी गीझरला उसंत नसते.

पोह्यांवर तर्री पडली, फासे टेबलावर आले, आणि मी डोंगर फोडला.

त्या डोंगराचं नाव धगोबा. गोष्टीतली माणसं त्याला देव मानायची, दर वर्षी त्याला भाकरी चढवायची. पिढ्यान्‌पिढ्या शांत होता. त्या रविवारी त्याचं तोंड उघडायचं हे मी महिनाभर आधी ठरवलं होतं. तिघांना काही माहीत नव्हतं. मी धूर सांगितला, गडगडाट सांगितला, दिवसाची रात्र झाली ते सांगितलं. तौसीफनं खाणं थांबवलं. स्वरूपानं डोक्याचा टॉवेल काढून खुर्चीवर टाकला, कारण तिच्या पात्राचं गाव डोंगराच्या पायथ्याशीच होतं. पाथरकोंड. तिचं पात्र म्हणजे इंद्रावणी नावाची वैदू. औषधी गोळा करायला दूर रानात आलेली, आणि गावात मागं तिचा धाकटा भाऊ.

“माझ्या भावाला काही झालं तर मी हा खेळ सोडून जाईन, वहिनी,” ती म्हणाली. चेष्टेत म्हणाली, पण पूर्ण चेष्टेत नाही.

नुकसान किती हे फासे ठरवणार होते. पण आमच्या टेबलाचा एक कायदा आहे आणि तो सूत्रधारालाही लागू. फासा म्हणेल ते खरं, मात्र ते तसं का झालं याचं कारण सूत्रधारानं द्यायचं. देवाचा कोप, शाप, नशीब असलं चालणार नाही. आणि कारण द्यायचं ते कपातल्या चहावर साय धरायच्या आत. नाही जमलं तर तो फासा रद्द, सगळं झालं नव्हतं असं धरायचं.

सुरुवात मला सोपी गेली. पूर्वेकडची शेतं राखेखाली बुडाली, पश्चिमेकडची हिरवी राहिली, का? वारा पश्चिमेचा होता. नदीकाठचं देऊळ गाडलं गेलं, त्याच्या वरच्या टेकाडावरचा गोठा जसाच्या तसा, का? माथ्यावरचा वितळलेला बर्फ आणि राख यांचा चिखल झाला, आणि चिखल नदीच्याच वाटेनं धावतो, टेकाड चढत नाही. तौसीफ मान डोलवत होता. आपत्ती कधी सगळ्यांना सारखी वाटली जात नाही, हे मी त्याला वर्गातल्या आवाजात ऐकवलं.

तेवढ्यात आईंनी हाक मारली. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मूळच्या सटाण्याच्या, गुडघ्यांनी बेजार, पण नातीची अंघोळ कुणाच्या हातात द्यायला तयार नव्हत्या. त्यांची स्वतःची अंघोळ झाली होती. “आण गं तिला, पाणी कढत आहे तोवर,” म्हणाल्या. मी मनवाला नेलं. आई पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या. बाळाला त्या दोन पायांच्या पन्हाळीत पालथं घ्यायची त्यांची जुनी पद्धत. आत वाफ अशी की आईंचा चेहरा धूसर दिसत होता. मला बरं वाटलं. ऊब होती. मी मनवाला त्यांच्या पायांवर दिलं, बाहेर आले, आईंनी बसल्या बसल्या हात वर करून कडी लावली, कारण ते दार नुसतं लोटलं की पुन्हा उघडतं. मी खाली पायपुसणं सारलं.

परत येऊन माझ्या ठरलेल्या खुर्चीत बसले. तिथून बोळातलं बाथरूमचं दार दिसतं, म्हणूनच ती ठरलेली. तांब्यातलं पाणी पडायचा आवाज येत होता. मनवाचं रडणं येत होतं. अंघोळ म्हटली की तिचा सूर लागायचाच. आणि मधूनमधून आईंचं बोलणं: हा पाय सटाण्याला जाईल, हा पाय नाशकात राहील, ह्या हातानं आजीला भाकरी वाढेल.

“टाका फासे,” मी म्हटलं.

डोंगराच्या पायथ्याशी दोन वस्त्या होत्या, तोंडापासून सारख्याच अंतरावर. एक स्वरूपाचं पाथरकोंड, गवंड्यांचं गाव. हातभर जाडीच्या दगडी भिंती, उतरती फरसबंद छपरं. दुसरी काडेवाडी. कुडाच्या भिंती, गवताची छपरं, एका लाथेत पडतील अशी घरं. दोन्हींसाठी दोन फासे: एक घरांचा, एक माणसांचा. सहा म्हणजे शाबूत, एक म्हणजे जवळपास सगळं गेलं.

काडेवाडीची घरं: एक. काडेवाडीची माणसं: सहा.

पाथरकोंडची घरं: सहा. हर्षदनं स्वरूपाच्या पाठीवर थाप मारली. मग तिनं दुसरा फासा ओंजळीत घोळवला, त्यावर फुंकर मारली आणि टाकला.

एक.

मग तौसीफ हसायला लागला. झोपड्या जमीनदोस्त आणि माणसं ठणठणीत, दगडी घरांना ओरखडा नाही आणि आत माणूस नाही, असा ज्वालामुखी त्यानं जन्मात ऐकला नव्हता. हर्षद म्हणाला, गवंड्यांनी बिल आधी घेतलं असेल. स्वरूपा हसली नाही. तिनं कप उचलून टेबलाच्या मधोमध ठेवला, चहा वाफाळत होता, आणि खुर्ची मागं सरकवून बसली. उलटतपासणीला बसावं तशी.

“सांगा, सूत्रधार,” ती म्हणाली. “भिंतीला चीर नाही, छपराचा दगड हललेला नाही. मग माझी माणसं मेली कशानं?”

खरं सांगायचं तर माझ्याकडे कारण नव्हतं. पण सूत्रधाराच्या चेहऱ्यावर ते दिसता कामा नये. मी चमच्यात शेव घेतली, सावकाश चावली.

तौसीफनं वेळ काढून दिला. रोगराई म्हणावी तर शेजारच्या वाडीत का नाही? दरोडा पडला म्हणावं तर त्याचा डोंगराशी संबंध काय? जड विषारी वायू उतरून आला म्हणावं तर तो दोन्हीकडे येईल, वस्त्या एकाच पातळीवर आहेत. एकेक वाट तोच उघडत होता आणि तोच बंद करत होता. स्वरूपा प्रत्येक वेळी म्हणायची, “अमान्य.” आणि कपाकडे बघायची.

मनवाचं रडणं कमी झालं होतं. माझा कान तिकडे होताच. मग थांबलंच.

“आज शहाणी झाली गं तुझी लेक,” स्वरूपा म्हणाली.

बरं झालं, रमली, असं माझ्या मनात आलं, आणि रिकाम्या झालेल्या डोक्यात उत्तर उतरलं. अगदी स्वच्छ, पायरीपायरीनं.

“गवंड्यांचं गाव,” मी सुरुवात केली. “त्यांच्याकडे काय असतं जे काडेवाडीकडे नसतं?”

“दगड,” हर्षद म्हणाला.

“चुना, माती आणि हातातलं कसब. राख पडायला लागल्यावर ती माणसं काय करतील? पळतील?”

स्वरूपा सावध झाली होती. ती गाव सोडणारी माणसं नव्हेत, एवढं तिनं मान्य केलं.

“नाही पळत. घरं बंद करतात. दारांना आतून ओल्या चिंध्या, खिडक्यांना माती, छपराच्या फटींत चुना. एवढं चोख काम की राखेचा कणही आत येऊ नये. आणि येत नाही. बाहेर अंधार, सूर्य नाही, म्हणजे थंडी. घरात लहान मुलं आहेत, म्हातारी माणसं आहेत. मग ते काय करतात?”

“शेगडी पेटवतात,” तौसीफ हळूच म्हणाला. त्याचा हात मिसळीच्या वाटीवर तसाच राहिला. “अगं, हे बसतंय. काडेवाडीत भिंतीच पडल्या. ते बिचारे कुडकुडत असतील, पण हवा तर चारी बाजूंनी. आणि इकडे बंद खोलीत कोळसा.” तो स्वरूपाकडे वळून सांगायला लागला, की आग हवा खाते, आणि हवा पुरेनाशी झाली की ती वेगळा धूर सोडते, जो दिसत नाही.

स्वरूपा एवढ्यावर सोडणारी नव्हती. चहा अजून उघडा होता, साय धरली नव्हती, पण तिला आपला भाऊ हवा होता. वास नाही का आला, तिनं विचारलं. त्याला वास नसतो, तौसीफ म्हणाला.

“मग गावातली सगळी माणसं काय ठोंबी आहेत? जीव जातोय हे एकालाही कळू नये?”

“नाही कळत,” मी म्हणाले. मला लय सापडली होती, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत सगळे ऐकतायत हे जेव्हा कळतं तशी. “डोकं दुखतं. त्यांना वाटतं, राख उपसून दुखतंय. जांभया येतात. वाटतं, झोप झाली नाही. अंगात ऊब असते, बरं वाटत असतं. म्हातारी भिंतीला टेकते. तिच्या मांडीवर मूल रडत असतं. मग ते रडायचं थांबतं, आणि सगळे म्हणतात, बरं झालं, रम—”

तिथं मी थांबले.

बोळातून फक्त चालू राहिलेल्या नळाचा आणि गीझरचा आवाज येत होता, ज्योतीची ती सलग घरघर. तांब्याचा आवाज नव्हता. सटाणा नव्हतं, नाशिक नव्हतं.

समोर तौसीफ माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडाकडून त्याची नजर बोळाकडे गेली आणि खुर्ची मागं पडल्याचा आवाज झाला. त्याची की माझी, आठवत नाही.

मी दारावर थाप मारली. “आई?”

“हं,” आतून आलं. “झालंच.”

हे मला नीट सांगितलं पाहिजे. तो आवाज ऐकला आणि मी परत वळणारच होते. आई बोलल्या होत्या. शब्द त्यांचाच होता, दर रविवारचा, दर अंघोळीचा. माझ्या मागून हर्षद म्हणाला, “बघ, बोलली ना.” माझा हात दारावरून खाली आलासुद्धा होता. मग मला जाणवलं की झालंच म्हणणारं माणूस पाणी ओततं, बादली सरकवतं, टॉवेल मागतं. आईंनी काहीच मागितलं नव्हतं.

“कडी काढा, आई.”

मी परत थाप मारली.

“आई, कडी.”

हर्षदनं खांदा लावला. फायबरचं दार लवलं, पण कडी सुटेना. तौसीफनं त्याला बाजूला केलं, खालच्या पट्टीवर टाचेनं लाथ घातली, एक, मग दुसरी, आणि ते आतल्या बाजूला दुमडलं. हात घालून त्यानं कडी ओढली.

वाफ बाहेर आली. आई भिंतीला टेकल्या होत्या, डोळे अर्धे मिटलेले. तांब्या कलंडला होता. मनवा त्यांच्या पायांवर पालथी, आणि आईंचा एक तळवा तिच्या पाठीवर पसरलेला, घट्ट. शुद्ध जाता जाताही पोर घसरू नये एवढं त्या हाताला समजत होतं. तो हात मला बोट बोट करून सोडवावा लागला.

मनवा मऊ होती. ओल्या पिळ्यासारखी माझ्या हातावर पडली. गाल मात्र लाल होते. गरम पाण्याची लाली, असं कुणीही म्हणालं असतं.

मी गॅलरीत धावले. स्वरूपानं दार उघडून धरलं होतं. बाहेर तो नाशिकचा डिसेंबर, ज्याच्यासाठी मी टोपडी, रुमाल, कापूस, पुठ्ठा, पायपुसणं, सगळं जमवलं होतं. मी माझ्या उघड्या, ओल्या मुलीला त्या वाऱ्यात दोन्ही हातांवर धरलं. कठड्याबाहेर धरल्यासारखं, जेवढं लांब जाईल तेवढं. लाग, मी वाऱ्याला म्हणत होते. लाग तिला.

काही झालं नाही. स्वरूपा तिचे तळपाय चोळत होती. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, रेडिओ चालू होता.

मग मनवाचं नाक आक्रसलं आणि ती शिंकली. सर्दीची शिंक, जिच्या भीतीनं मी महिनाभर झोपले नव्हते. त्यानंतर तिनं जो सूर लावला तो खालच्या मजल्यावरच्या काकूंना वर घेऊन आला. बाळाला असं उघडं वाऱ्यात काय धरलंय, म्हणून त्या माझ्यावर ओरडायला लागल्या. त्यांना ओरडू दिलं.

आईंना हर्षद आणि तौसीफनं उचलून हॉलच्या खिडकीशी आणलं होतं. दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. मनवाच्या चेहऱ्याला तो मास्क मोठा होत होता, नर्सनं कापूस लावून बसवला. डॉक्टरांनी विचारलं, बाथरूमला खिडकी होती का? मी तौसीफकडे बघितलं. “होती,” तो म्हणाला. त्यापुढं तो काही बोलला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही, आणि एवढ्यासाठी मी त्याला कायम वरची तर्री वाढते.

आई शुद्धीवर आल्या तेव्हा पहिलं वाक्य मास्कच्या आतून आलं, म्हणून ते आम्हाला दोनदा विचारावं लागलं. त्या म्हणत होत्या, “तिची टाळू भरायची राहिली.” तेल गार झालं असेल, ते परत कोमट करून घ्या, असं त्यांनी हर्षदला बजावलं. मग माझा हात हातात घेतला. मी हाक मारलेली त्यांना ऐकू आली होती का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, हो तर. त्यांना वाटत होतं आपण उत्तर दिलं, पाणी ओतलं, मनवाला पुसलं, आणि कडी काढली. सगळं केलं असं वाटत होतं.

दुसऱ्याच दिवशी गीझर बाहेरच्या गॅलरीत गेला. आता पाणी नळीनं आत येतं. पुठ्ठा तौसीफनंच ओढून काढला. तो काचपट्ट्यांना इतका चिकटला होता की राज्याचा वायव्य कोपरा तिथंच राहिला. एक नदी आणि अर्धा किल्ला. तो मी कधी खरवडून काढला नाही.

खेळ पुन्हा सुरू व्हायला संक्रांत उजाडली. दोघी धडधाकट होत्या. आई तिळाच्या वड्या थापत होत्या आणि मनवा तौसीफच्या मांडीवर पडून त्याच्या स्वेटरची नाडी चोखत होती, मी ती तिसऱ्यांदा तिच्या तोंडातून काढली. स्वरूपानं कप पुढं ओढला, आत बघितलं, आणि जाहीर केलं की त्या दिवशीच्या चहावर साय धरून गेली असेल, पण सूत्रधाराचं कारण तिला मान्य आहे. फासा खरा. पाथरकोंडची दारं बंदच होती.

“पण मला एक विचारायचंय, वहिनी,” ती म्हणाली. “काडेवाडीची घरं पडली. माणसं जिवंत. थंडीत उघड्यावर. ती कुठं जातील?”

“पाथरकोंडला,” मी म्हटलं. दुसरं गावच नव्हतं.

“म्हणजे ती येऊन दारं वाजवतील.”

“वाजवतील.”

“आतून कुणीतरी म्हणेल, झालंच, उघडतो.”

मी तिच्याकडे बघितलं. ती फाशांकडे बघत होती. मग त्यातला एक मी उचलून तिच्यापुढं ठेवला, कारण एक म्हणजे जवळपास सगळे, अगदी सगळे नव्हेत, आणि तिचा भाऊ त्या उरलेल्यांत असू शकत होता. टाक म्हटलं.

“नाही,” स्वरूपा म्हणाली आणि फासा परत माझ्याकडे सारला. “हे नाही टाकायचं. इंद्रावणी तिथं पोचली आहे. ती दार फोडते.”

कायद्यात हे बसत नव्हतं. मी फासा डब्यात टाकला आणि दार फुटलं असं सांगितलं.

मनवा आता दुसरीत आहे. तिची अंघोळ ती स्वतः करते, कडी लावून, मोठ्यानं गाणी म्हणत. गाणं थांबलं की मी जिथं असेन तिथून हाक मारते, आणि ती वैतागून पुढची ओळ म्हणते. आमचं तसं ठरलेलं आहे.

तुम्ही हे वाचताय त्या घरात आत्ता कुणी अंघोळीला गेलं असेल, आणि गॅसचा गीझर आत असेल, तर उठा. दार वाजवा. आतून “झालंच” असं येईल. त्यावर मागं फिरू नका. कडी काढायला सांगा, आणि चेहरा दिसेपर्यंत तिथंच उभे राहा.